व्हीलचेअर, काठी, वॉकर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुर्ची घ्यायची आहे. सुरुवात कुठून करायची?

दुकानात जायच्या आधी चार गोष्टी घरीच ठरवा. दिवसातून किती तास बसायचं आहे? खुर्ची कोण चालवणार, बसणारा स्वतः की सोबतचं माणूस? खुर्चीवरून पलंगावर, कमोडवर, गाडीत कसं जायचं: उभं राहून, घसरत, की उचलून? आणि घरातलं सगळ्यात अरुंद दार किती रुंद आहे?

पायाचं हाड मोडल्यावर सहा आठवडे ये-जा करण्यापुरती लागणारी खुर्ची आणि मणक्याला इजा झालेल्या माणसाने रोज दहा-बारा तास बसायची खुर्ची, या दोन वेगळ्या वस्तू आहेत; नाव तेवढं एक. पहिलीसाठी भाड्याची साधी खुर्ची पुरते. दुसरी अंगाच्या मापाचीच लागते, आणि फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टने प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय तिचे पैसे भरू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली साध्या व्हीलचेअरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात खुर्ची पुरवण्याचं काम आठ टप्प्यांचं धरलं आहे. मापं घेणं, बसवून जुळवणं, चालवायला शिकवणं आणि नंतरची दुरुस्तीही त्यातच येते. दुकानदार बहुतेक वेळा खोक्यातून काढून देण्याचा एकच टप्पा करतो. बाकीचे कोण करणार, हे आधीच विचारून घ्या.

मापं घरी घेता येतात का?

येतात. फक्त सोफ्यावर किंवा गादीवर बसवून घेऊ नका. माणूस रुततो आणि सगळे आकडे चुकतात. कडक बाक किंवा लाकडी खुर्ची घ्या. गुडघे आणि घोटे काटकोनात, पायात रोजचं पादत्राण, पाठ शक्य तितकी सरळ.

बैठकीची रुंदी: दोन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं कुल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना उभी धरा. मांड्या जास्त रुंद असतील तर मांड्यांशी धरा. पुस्तकं टेकली पाहिजेत, दाबली जाता कामा नयेत. मग दोन पुस्तकांमधलं सरळ अंतर मोजा. टेप अंगावरून फिरवून घेतलेलं माप शिंप्याच्या कामाचं, खुर्चीच्या नाही. आलेल्या आकड्यात एकूण २ ते ३ सेंमी मिळवा. खुर्चीत बसल्यावर कुल्ला आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये सपाट तळहात सरकला पाहिजे. मूठ जात असेल तर खुर्ची रुंद झाली.

बैठकीची खोली: कमरेच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत. दोन्ही पाय मोजा आणि कमी भरेल तो आकडा धरा. त्यातून ३ ते ६ सेंमी वजा करा. बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. खोली जास्त झाली की कड पोटरीत रुतते, माणूस पुढे घसरत येतो आणि माकडहाडावर बसतो. कमी झाली की मांडीचा आधार जातो आणि सगळा भार बुडाखालच्या दोन हाडांवर येतो.

पायाची लांबी: गुडघ्यामागच्या वळीपासून टाचेखालपर्यंत, चप्पल-बूट धरून. उशीचा वरचा पृष्ठभाग ते फूटरेस्ट हे अंतर एवढं हवं. फूटरेस्ट जमिनीपासून किमान ५ सेंमी वर राहिलं पाहिजे, नाहीतर उंबरठ्याला, खड्ड्याला अडकतं.

हाताची टेक: खांदे सैल, कोपर काटकोनात, बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची. उशी ठेवायची असेल तर ती उशी खाली घेऊनच हे माप घ्या. टेक उंच झाली की खांदे कानाकडे चढतात, खाली गेली की माणूस एका बाजूला कलंडतो.

पाठीची उंची: स्वतः चाक फिरवणाऱ्याला पाठ खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापेक्षा थोडी खाली हवी, म्हणजे हात मागे नेताना फरा अडत नाही. धडाचा तोल कमी असेल तर पाठ उंच लागते.

थोडी मोठी घेतलेली बरी, नाही का?

नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. दुकानात सर्रास १८ इंची, म्हणजे ४६ सेंमी बैठकीची खुर्ची मिळते. कुल्ल्यांची रुंदी ३८ सेंमी असलेल्या माणसाला ती दोन्ही बाजूंनी ४ सेंमी सैल होते. मग तो आधारासाठी एका टेकेवर रेलतो, कंबर एका बाजूला खाली जाते, पाठीचा कणा वाकडा होतो आणि एकाच कुल्ल्यावर भार राहून कातडी लाल होऊ लागते. हात चाकापर्यंत न्यायला कोपरं बाहेर काढावी लागतात; काही महिन्यांत खांदे बोलायला लागतात. शिवाय खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा १८ ते २० सेंमी जास्त असते. ४१ सेंमीची बैठक ६० सेंमीच्या आसपास जाते, ४६ची ६५च्या आसपास. बाथरूमच्या दारात हे पाच सेंमी फार मोठे असतात.

मोठ्या चाकाची की छोट्या चाकाची?

मागची चाकं २४ इंची असली आणि त्यांना हाताने फिरवायची कडी असली, तर बसणारा स्वतः जाऊ शकतो. मागे १२ इंची चाकं असलेली खुर्ची फक्त ढकलायची. ती हलकी आणि आटोपशीर असते, गाडीच्या डिकीत सहज जाते; पण बसणाऱ्याला चार पावलंसुद्धा स्वतः सरकता येत नाही. पाणी हवंय, हाक मारा. ऊन आलं, हाक मारा. हातात थोडीही ताकद असेल तर मोठ्या चाकाची घ्या. ढकलणाऱ्यालाही पायरीवरून, खडबडीत जमिनीवरून मोठं चाकच सोपं जातं.

मोठं चाक योग्य जागी आहे का, हे दुकानातच बघता येतं. बसून हात सैल खाली सोडा: बोटांची टोकं चाकाच्या मध्यबिंदूपाशी यायला हवीत. मग हात कडीच्या सगळ्यात वरच्या टोकावर ठेवा: कोपर १०० ते १२० अंशांत हवं. हात जवळजवळ सरळ झाला तर बैठक फार उंच आहे, कोपर घट्ट दुमडलं तर फार खाली.

एक्सल, म्हणजे मोठ्या चाकांचा आस, पुढे-मागे करता येतो म्हणतात. त्याने काय फरक पडतो?

खूप. एक्सल पुढे घेतला की वजन मोठ्या चाकांवर येतं, खुर्ची हलकी पळते, झटकन वळते आणि पुढची छोटी चाकं उचलून उंबरठा ओलांडता येतो. त्याच कारणाने ती मागे उलटण्याचीही शक्यता वाढते. म्हणून सुरुवात मागून करा, एकेका भोकाने पुढे या, आणि सवय होईपर्यंत मागे न उलटू देणारी आधारचाकं लावून ठेवा.

गुडघ्यावरून पाय कापलेल्यांच्या बाबतीत उलटं. पायांचं वजन पुढे नसल्यामुळे तोल मागे जातो. एक्सल नेहमीच्या जागेपेक्षा मागेच लागतो. हे न करता दिलेली खुर्ची पहिल्याच चढावर मागे पडते.

लोखंडी की ॲल्युमिनियम? घडीची की न घडी होणारी?

घडीची साधी पोलादी खुर्ची साधारण १६ ते २० किलो भरते, ॲल्युमिनियमची १२ ते १५. न घडी होणाऱ्या, मापाने बनवलेल्या खुर्च्या १० किलोच्या आसपासही मिळतात. वजनाचा आकडा वाचताना चाकं आणि फूटरेस्ट धरून आहे की काढून, हे विचारा. जाहिरातीत बहुतेकदा काढून असतो.

खाली कैचीसारखी फुली असलेली घडीची रचना १९३३ सालची. हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन अमेरिकन अभियंत्यांनी ती गाडीत नेता यावी म्हणून केली. एव्हरेस्ट स्वतः व्हीलचेअर वापरायचे. सोय मोठी, पण हाताने लावलेल्या जोराचा काही भाग फुलीच्या सांध्यात वाया जातो आणि तिथेच ती आधी खिळखिळी होते. रोज स्वतः चालवणाऱ्याला, चाकं बटण दाबून निघत असतील तर, न घडी होणारी खुर्ची आमच्या मते जास्त चांगली. चाकं काढून, पाठ खाली पाडून तीही मागच्या सीटवर बसते.

टायर हवेचे की भरीव?

हवेचे टायर धक्के खातात, बाहेरच्या रस्त्यावर सुखाचे. पण पंक्चर होतात आणि हवा कमी झाली की ढकलायला जड जातात. शिवाय ब्रेक टायरवर दाबून धरणारा असतो, त्यामुळे मऊ टायरवर तो घसरतो. भरीव टायरला काही बघावं लागत नाही. घरातल्या फरशीवर तेच घ्या.

पुढची छोटी चाकं: ५ इंचाची चपळ, पण फरशीच्या फटीत, वाळूत, जाळीत रुततात. खडबडीत जागी ७-८ इंचाची. मोठी घेतल्यास वळताना टाचेला लागत नाहीत ना, हे गोल फिरवून बघा.

उशी खरंच लागते का? खुर्चीला कापड आहे की.

ते कापड म्हणजे झोळी. सहा महिन्यांत ते मधे खाली बसतं, मांड्या आत वळतात आणि कंबर तिरकी होते. दिवसाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त बसणाऱ्याला उशी हवीच, आणि बुडाला संवेदना नसेल तर थेरपिस्टने ठरवलेली दाब कमी करणारी उशी हवी. कापड झोळ खात असेल तर उशीखाली मापाची प्लायवूडची फळी टाका.

फोमची उशी हलकी आणि स्थिर, पण कालांतराने बसते. जेलची दाब चांगला विभागते, मात्र जड असते आणि जेल बाजूला सरकतं. ते रोज हाताने मधे आणावं लागतं. हवेची उशी दाब सगळ्यात चांगला कमी करते, पण तिच्यावर तोल सांभाळायला कठीण आणि हवा रोज तपासायची. तपासायची रीत अशी: माणूस बसलेला असताना उशी आणि बूड यांच्यामध्ये हात घाला आणि बुडाखालचं सगळ्यात खाली आलेलं हाड शोधा. त्या हाडापासून उशीच्या तळापर्यंत दीड ते अडीच सेंमी हवा उरली पाहिजे. हाड तळाला टेकलं तर हवा कमी. पण 'भरपूर हवा म्हणजे भरपूर मऊ' हाही गैरसमज. टम्म फुगलेली उशी दगडासारखी लागते आणि माणूस तिच्यावरून घरंगळतो.

मधे भोक असलेली गोल रिंग वापरू नका. भोकाच्या कडेने रक्तपुरवठा दाबला जातो आणि जखम भरायच्या ऐवजी वाढते. उशीवर टॉवेल, चादर, प्लॅस्टिक ताणून बसवलं तरी तिचा उपयोग जातो.

कोणतीही उशी सगळं काम एकटी करत नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून छाती मांड्यांकडे न्या किंवा आळीपाळीने एकेका बाजूला झुका, आणि घाई न करता मिनिट-दोन मिनिटं तसेच राहा. रात्री आरशात किंवा दुसऱ्याकडून बूड, माकडहाड, टाचा बघून घ्या. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर त्या जागेवर भार देणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे गरमपणा, घट्टपणा किंवा आजूबाजूपेक्षा गडद रंग शोधा.

मान आणि धड सरळ राहत नाही. पाठ मागे जाणारी खुर्ची घ्यावी का?

दोन प्रकार आहेत आणि ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात. एकात फक्त पाठ मागे कलते. तिच्यात पाठ खाली-वर होताना कातडी कापडावर घासते आणि पुन्हा सरळ केल्यावर माणूस पुढे घसरलेला असतो. दुसऱ्यात बैठक आणि पाठ मिळून अख्खी मागे झुकते, कंबरेचा कोन तोच राहतो. दिवसभर बसणाऱ्या, घसरणाऱ्या माणसाला दुसरा प्रकार. तो जड आणि लांब असतो, लिफ्टचं माप आधी घ्या.

अर्धांगवायूनंतर एकच हात, एकच पाय चालतो.

चांगल्या पायाने जमीन ओढत आणि चांगल्या हाताने चाक फिरवत जाता येतं. बहुतेकांना हेच सगळ्यात लवकर जमतं. त्यासाठी बैठक खाली हवी: उशीसकट उंची इतकी की टाच जमिनीला पूर्ण टेकेल. त्या बाजूचं फूटरेस्ट काढून ठेवा. नेहमीच्या उंच खुर्चीत माणूस पाय टेकवायला पुढे घसरतो आणि घरचे म्हणतात, 'ते नीट बसतच नाहीत'. बसायची चूक नसते, उंचीची असते. कमजोर बाजूच्या ब्रेकचा दांडा लांब करून घ्या, म्हणजे चांगला हात तिथवर पोहोचेल.

मुलासाठी वाढीच्या मापाची घेऊ?

वाढवता येणारी घ्या, वाढीची नाही. रुंदी, खोली, फूटरेस्ट सरकवता येतील अशी चौकट बघा आणि दर सहा महिन्यांनी मापं पुन्हा घ्या.

बॅटरीची खुर्ची कधी घ्यावी?

हाताने ढकलताना खांदा दुखत असेल, दम लागत असेल किंवा हातात बळच नसेल तेव्हा. जॉयस्टिक कोणत्या हाताला हे ऑर्डरआधीच ठरवा आणि वेग कमी करून घेऊनच सुरुवात करा. तीन-चार चाकी स्कूटर वेगळी: तिला धडाचा तोल आणि दोन्ही हात लागतात, आणि वळायला जागाही जास्त.

शिशाच्या बॅटऱ्या स्वस्त पण जड. बहुतेक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन जोडून २४ व्होल्ट करतात. वापरलेल्या दिवशी रात्री पूर्ण चार्ज करा. रिकामी ठेवलेली शिशाची बॅटरी आतून खराब होते आणि नंतर कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी चालत नाही. लिथियम हलकी. विमानात न्यायची असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करून वॅट-तास काढा: २४ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे २४० वॅट-तास. खुर्चीतून काढता येणाऱ्या एका लिथियम बॅटरीला ३०० वॅट-तासांची मर्यादा आहे, दोन असतील तर प्रत्येकी १६०. काढलेली बॅटरी सामानात नाही, केबिनमध्ये न्यायची. विमान कंपनीला आधी कळवा.

मोटारजवळचा दांडा फिरवला की खुर्ची हाताने ढकलता येते, पण मग तिचे ब्रेक सुटलेले असतात. उतारावर तो दांडा कधीही फिरवू नका.

घरात काय बघायचं?

दाराचा मोकळा मार्ग मोजा, चौकट नाही. उघडलेलं दार जेवढं आड येतं तेवढं वजा. ८० सेंमी असेल तर बरं. जागच्या जागी वळायला सुमारे १५० सेंमीचं वर्तुळ लागतं. रॅम्पचा उतार १ ला १२: १५ सेंमीच्या पायरीला १८० सेंमी लांब फळी. दारात दोन हात लांबीची तीव्र फळी टाकली की चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो.

खुर्ची लागते की काठी-वॉकर पुरेल?

घरात भिंतीला, टेबलाला धरत चालणाऱ्याला बहुतेकदा काठी किंवा वॉकर पुरतो. लांब जायचं असेल तेव्हा खुर्ची, घरात वॉकर, असंही चालतं. एकाने दुसरं बंद होत नाही.

काठीची मूठ मनगटाच्या वळीच्या उंचीला हवी. सरळ उभं राहून हात सोडून मोजा. काठी धरल्यावर कोपर १५ ते ३० अंश वाकलेलं राहतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे सांगूनही बरीच माणसं दुखऱ्या बाजूलाच धरतात, कारण तिथे आधार हवासा वाटतो. पण विरुद्ध बाजूला धरल्यानेच खुब्यावरचा भार कमी होतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

वॉकरची उंचीही तशीच. बिनचाकांचा सगळ्यात स्थिर, पण दर पावलाला उचलावा लागतो. पुढे दोन चाकं असलेला बहुतेकांना सोपा. चार चाकं आणि हातब्रेकवाला फक्त तोल सांभाळण्यासाठी. त्यावर अंग टाकलं तर तो पळतो.

काखेतली कुबडी काखेला लावायची नसते. काख आणि गादी यांच्यात दोन-तीन बोटं जागा ठेवा, भार तळहातांवर घ्या. काखेवर लोंबकळलं की तिथली नस दाबली जाऊन हाताला मुंग्या येतात, मनगट उचलेनासं होतं. खालची रबरी टोपी गुळगुळीत झाली की त्याच दिवशी बदला.

अपघात कसे होतात?

बहुतेक बसता-उठताना. फूटरेस्टवर पाय देऊन उठलं की खुर्ची पुढे उलटते. क्रम हाच: दोन्ही ब्रेक, पाय खाली, फूटरेस्ट बाजूला, मग उठायचं. ब्रेक उभी खुर्ची धरून ठेवायला असतात, उतारावर वेग कमी करायला नाहीत. पायरी उतरवताना खुर्ची उलटी, पाठमोरी घ्या आणि मोठी चाकं आधी टेकवा. गाडीत शक्यतो गाडीच्या सीटवर बसा. व्हीलचेअरमध्येच बसून जायचं असेल तर खुर्ची आयएसओ ७१७६-१९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेली हवी आणि ती पट्ट्यांनी चार ठिकाणी जखडलेली हवी. माणसाचा पट्टा वेगळा.

जुनी खुर्ची घेताना काय बघू?

सपाट फरशीवर रिकामी खुर्ची हळूच ढकलून सोडा. दोन-तीन मीटर सरळ गेली पाहिजे. एका बाजूला ओढत असेल तर चौकट वाकली आहे किंवा पुढची चाकं असमान आहेत. फुलीच्या मधल्या बोल्टजवळ आणि वेल्डिंगवर केसासारखी तडा शोधा. रंगाखाली गंजाची रेघ दिसली तर खुर्ची सोडा. ब्रेक लावून, माणूस बसवून ढकला: चाक घसरता कामा नये.

देखभाल किती?

आठवड्याला हवा आणि ब्रेक, महिन्याला सगळे बोल्ट. टायरवर छापलेल्या दाबाएवढी हवा भरा.

पुढचं चाक कुरकुरत असेल किंवा थरथरत असेल तर तेल घालू नका. आधी खुर्ची आडवी करून छोट्या चाकाच्या आसापाशी बघा: केस, दोरे, पायपुसण्याचे धागे गुंडाळून काळी घट्ट कडी झालेली असते. ती ब्लेडने आडवी कापा, चिमट्याने ओढून काढा, चाक बोटाने फिरवा. मोकळं फिरलं तर काम झालं. नाहीच फिरलं तर बेअरिंग बदलायची वेळ आली आहे, आणि एका बाजूची गेली असेल तर दुसऱ्या बाजूचीही त्याच वेळी बदलून घ्या.